रॅक फुल्लवर अडकला होता

अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका यार्डात ७ वर्षं उभी असलेली टाटा १२१० एसई (जुना ट्रक) गेल्या आठवड्यात चालू झाली. ऑइल प्रेशर येतंय, आवाज मोकळा आहे, मालक खूश आहेत. तरी ती गाडी माझ्या डोक्यातून जात नाही. मी पाना लावायच्या आधी तिला दोनदा टोचन करून, म्हणजे दुसऱ्या गाडीनं ओढून चालू करायचा प्रयत्न करून झालं होतं. तेव्हा तिनं घेतलं असतं, म्हणजे इंजिन चालू झालं असतं, तर काय झालं असतं, हे डिझेल पंपाचं साइड कव्हर खोलल्यावर कळलं.

डिसेंबर-जानेवारीत सोलापूरच्या मार्केट यार्डात कांद्याची आवक एवढी वाढते की भाड्याला गाडी मिळत नाही. मालकांना बंद गाडी आठवली ती त्यामुळेच. "मिस्त्री, बॅटरी टाका नि अजून एक टोचन मारा, घेतंय बघा," असं त्यांनी फोनवरच सांगितलं. मी नाही म्हटलं.

आधी टाकी. तळाचा नट सोडला तर पहिले तीन-चार लिटर नुसतं पाणी आणि गंज, मग काळपट शेवाळासारखा चिकटा. टाकी अर्धी रिकामी ठेवून गाडी उभी केली की रात्रीच्या गारव्यात आत पाणी सुटतं आणि पाणी-डिझेलच्या सीमेवर हा चिकटा वाढतो. गाडी ठेवायची तर टाकी गळ्यापर्यंत भरून ठेवावी, पण ठेवताना कुणीच तेवढा खर्च करत नाही. टाकी उतरवली, आत मूठभर नट आणि थोडं डिझेल टाकून हलवली, तीन वेळा धुतली. सक्शन पाइपची जाळी पूर्ण बंद होती. फिल्टरच्या दोन्ही वाट्यांत तोच गाळ. एअर क्लीनरमध्ये उंदराचं घरटं होतं. ते न बघता सेल्फ मारला असता तर चिंध्या सरळ इंजिनात गेल्या असत्या.

आता पंप. मायकोचा सहा एलिमेंटचा इनलाइन पंप. एलिमेंट म्हणजे बॅरलमध्ये वर-खाली होऊन डिझेल दाबणारा दट्ट्या, प्रत्येक सिलिंडरला एक. डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखा हवेचा पडदा नसतो. वेग ठरतो तो पंप किती डिझेल देतो यावर, आणि ते ठरवतो रॅक, म्हणजे पंपातला सरकता दांडा. रॅक सरकला की सहाही एलिमेंट एकदम फिरतात. इंजिन बंद असताना वेग आवरणाऱ्या गव्हर्नरची वजनं मिटलेली असतात, म्हणून स्प्रिंग रॅकला पूर्ण डिझेलच्या बाजूला ढकलून ठेवतो. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली आणि डिझेल सुकून गोंद झालं, की रॅक चिकटतो तो नेमका तिथेच, फुल्लवर.

इथे तेच झालं होतं. स्टॉप केबल ओढली, लिव्हर जागचा हलेना. साइड कव्हर खोलून बोटानं तपासलं तर पाच एलिमेंटना थोडीफार हालचाल होती, चौथा दगड. एलिमेंट आणि त्याचं बॅरल यांच्यात दोन-तीन मायक्रॉनची फट असते. तिथं पापुद्रा धरला की एलिमेंट फिरत नाही, आणि एक फिरला नाही की सगळा रॅक अडतो. अशा गाडीनं घेतलं तर इंजिन हाताबाहेर जातं. अ‍ॅक्सिलरेटर सोडा, चावी काढा, स्टॉप ओढा, काही उपयोग नाही. कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर येईपर्यंत वेग चढत जातो. टोचनाच्या वेळी त्या गाडीभोवती पाच-सहा माणसं उभी होती. जाळी आणि फिल्टर चोक होते म्हणून पंपात डिझेल पोचलं नाही. त्या घाणीनं माणसं वाचवली. ज्यानं टोचन मारलं त्यानं आधी फिल्टर बदलून हवा काढली असती, म्हणजे अर्धं काम नीट केलं असतं, तर यार्डात काय झालं असतं याचा विचार रोज येतो.

चौथ्या एलिमेंटला हातोडा, पॉलिश पेपर काही लावलं नाही. एक चरा पडला की एलिमेंट गेला. गॅलरीत, म्हणजे पंपातल्या डिझेलच्या पोकळीत, स्वच्छ डिझेल आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल) अर्धं-अर्धं भरलं, रात्रभर ठेवलं. सकाळी स्क्रू ड्रायव्हरनं स्प्रिंगखालची वाटी हलकेच उचलायची नि सोडायची, असं तासभर केल्यावर तो सुटला. मग स्टॉप लिव्हर पन्नास वेळा ओढून सोडला. प्रत्येक वेळी रॅक शून्यावर जाऊन खट्‌कन परत आला, तेव्हाच कव्हर बंद केलं.

सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे नोझल पुणे नाक्याजवळच्या पंपवाल्याकडे नेऊन २०० किलो दाबावर लावून घेतले. जुने तांब्याचे वॉशर लाल तापवून पाण्यात टाकले की मऊ होऊन पुन्हा नीट बसतात, पण नोझलखाली मी नवेच घालतो.

सहाव्या नोझलच्या टोकाला तांबूस चिकटा होता. म्हणजे त्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहून आत गंज धरला होता, आणि टोचनानं तो पिस्टन जबरदस्तीनं सोडवला होता. प्रत्येक सिलिंडरमध्ये ५० मिली डिझेल-ऑइल सोडून दोन रात्री ठेवलं. मग नोझल न बसवता पुलीला पाना लावून इंजिन हातानं फिरवलं. द्रव दाबला जात नाही. नोझल बसवून सेल्फ मारला तर रॉड वाकतो. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, थंड इंजिनावर इनलेट ०.२० आणि एक्झॉस्ट ०.३० मिमी लावली. ऑइल बदललं, फिल्टर आणि गॅलरीच्या स्क्रूतून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढली आणि स्टॉप ओढून धरून ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत दहा-दहा सेकंद सेल्फ मारला.

चालू करताना इनलेटपाशी पोराला जाड फळी घेऊन उभा केला. इंजिन बेफाम सुटलं तर हवा बंद करायची ती फळीनं, हातानं किंवा कापडानं नाही. हात आत ओढला जातो. नोझलचे नट ढिले ठेवून सेल्फ मारला, डिझेल आलं तसे एकेक आवळले. तिसऱ्या सेल्फला चार सिलिंडरवर घेतलं. पांढरा धूर, डोळे झोंबले, मग पाचवा लागला. सहावा सगळ्यात शेवटी. स्टॉप ओढला, लगेच बंद. तो आवाज थांबणं मला चालू होण्यापेक्षा महत्त्वाचं होतं.

कॉम्प्रेशन पाच सिलिंडरमध्ये २४ ते २६ किलो आलं, सहाव्यात १७. नोझलच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा घेतलं तर २२. ऑइलनं पिस्टनच्या रिंगांची फट बुजते नि दाब वाढतो, म्हणजे दोष व्हॉल्व्हचा नाही, रिंगांचा. त्या नुसत्या चिकटल्या असतील तर चालवून सुटतील. टोचनानं तुटल्या असतील तर लाइनरला चरे पडत राहतील. हेड न उतरवता हे सांगता येत नाही. मालक म्हणाले, "हैदराबादची एक खेप होऊ द्या, मग बघू." मी म्हटलं, आधी दोन दिवस रिकामी चालवू द्या. शिवाय मागच्या ब्रेकची लायनिंग शूवरून सुटलेली आहे, टायरच्या बाजूंना उन्हानं भेगा आहेत, फिटनेस आणि विमा संपलेला आहे. त्यावर भरलेला माल कसा पाठवणार?

काल पुन्हा गेज लावला. सहाव्यात १९. हेड उतरवायचं मी सांगितलंय, मालक अजून हो म्हणालेले नाहीत. कांदा दुसऱ्या गाडीनं गेला.