कार्ड महाराष्ट्राचे, जागा बेळगावची

बेळगाव जिल्ह्यातील एका तालुका पंचायतीत मी दिव्यांग पुनर्वसन कार्यकर्ता म्हणून काम करतो. प्रमाणपत्राच्या तपासणीसाठी एका मुलाला घेऊन शहरातील रुग्णालयात गेलो असता पार्किंगच्या तोंडाशीच वाद ऐकू आला.

चंदगड तालुक्यातील एक गृहस्थ आईला डॉक्टरांकडे दाखवायला आले होते. तिकडच्या लोकांना कोल्हापूरपेक्षा बेळगावच जवळ पडते. पोलिओमुळे त्यांचे दोन्ही पाय अधू होते आणि ब्रेक हाताने दाबता येईल अशी बदलून घेतलेली गाडी ते स्वतः चालवत होते. दिव्यांगांसाठी राखलेल्या जागेला साखळी लावलेली होती आणि साखळीपलीकडे कर्मचाऱ्यांच्या मोटारसायकली ऐटीत उभ्या होत्या. रखवालदार त्यांचे यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, उलटसुलट करून म्हणाला, "काका, हे महाराष्ट्राचं हाय. हितं कर्नाटकचं लागतंय."

कार्डावरच्या क्रमांकाची सुरुवात एमएच या अक्षरांनी होते, एवढ्यावरून त्याने हा निकाल दिला होता. नंबरप्लेट पाहून माणसाची पारख करण्याची आमच्या सीमाभागाची खोड जुनीच आहे. पण हे कार्ड केंद्र सरकारच्या योजनेतले असते, आणि दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 च्या कलम 58 नुसार अपंगत्वाचे प्रमाणपत्र देशभर ग्राह्य असते. तेथील व्यवस्थापकांना मी मोबाईलवर ते कलमच दाखवले. त्यावर त्यांनी, राज्याच्या सवलती राज्यातील रहिवाशांनाच मिळतात, असा मुद्दा काढला. तो चूक नव्हता, फक्त येथे लागू नव्हता. पेन्शन राज्याच्या तिजोरीतून दिली जाते, म्हणून तिथे रहिवास पाहतात. राखीव जागा ही इमारतीच्या सुगम्यतेचा भाग आहे आणि दारात येणाऱ्या कोणत्याही दिव्यांगासाठी ती असते. युरोपीय संघाने सर्व सदस्य देशांत चालणाऱ्या दिव्यांग पार्किंग कार्डाचा निर्देश 2024 मध्ये मंजूर केला. आपल्याकडे पार्किंगसाठी असे वेगळे देशव्यापी कार्डच नसल्याने बरेचसे रखवालदाराच्या मर्जीवर राहते.

अखेर साखळी निघाली, पण एक मोटारसायकल तशीच ठेवून "आता बसेल गाडी" असे सांगण्यात आले. गाडी बसली असती, माणूस उतरू शकला नसता. राखीव जागेची रुंदी 3.6 मीटर ठेवण्याचा मानदंड आहे तो याचसाठी, की दार पूर्ण उघडून शेजारी व्हीलचेअर लावता यावी. गृहस्थांनी मागच्या सीटवरची घडीची खुर्ची दाखवली, तेव्हा तीही मोटारसायकल हलली.

आईची तपासणी आटोपल्यावर त्यांनी मला विचारले, "मग कर्नाटकच्या एसटीचा सवलतीचा पासही मिळेल का?" तो मिळणार नाही, कारण त्याला कर्नाटकातील रहिवासाचा पुरावा लागतो, असे मी त्यांना स्पष्ट सांगितले.