जोडाच्या दोन तारा वेगळ्या ऐकू येतात का?

कमी बजेटच्या इअरफोनमध्ये ‘डिटेल’, म्हणजे आवाजातले बारकावे, शोधताना सगळ्यात जास्त फसवणूक ट्रेबलमुळे (वरच्या, तीक्ष्ण स्वरांमुळे) होते. ५ ते ८ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात ४-५ डेसिबलचा उंचवटा दिला की झांजा, श्वास, तारेवर घासलेलं बोट एकदम पुढे येतं. दुकानात दोन मिनिटं ऐकताना तेच बारकावे वाटतात. अर्ध्या तासात कान शिणतात. खरे बारकावे येतात ते समतोलातून. १५० ते ३०० हर्ट्झचा भाग फुगलेला नसेल, तर त्याच्या वरचं काही झाकलं जात नाही.

तपासायला तानपुऱ्यासारखं दुसरं काही नाही. जोडाच्या, म्हणजे मधल्या, दोन्ही तारा एकाच षड्जाला लावलेल्या, फक्त पाठोपाठ छेडलेल्या. दुसरी तार सुटते तेव्हा पहिलीची जवारी (तारेचा झणझणता गुंजन) अजून विरत असते, आणि ते दोन पदर वेगवेगळे कळायला हवेत. बेस फुगलेल्या इअरफोनवर त्यांची एकच गुणगुण होते. मग कुठलंही मराठी गाणं लावून ‘चांदणं’मधला च ऐका. हा दंत्य च, त्यात ‘स’ची धार असते. तो टोचला आणि ‘चंद्र’मधला च ठीक वाटला, तर उंचवटा नेमका कुठे आहे ते कळलं.

दोन हजारांच्या आसपास सेव्हनहर्ट्झ सालनोट्स झीरो किंवा मूनड्रॉप चू २ घ्या. दोन्हींची केबल निघते, ०.७८ मिमीची टू-पिन. तुटली तर फक्त केबल बदलायची. पुढची खरी पायरी ट्रूथइअर हेक्सा (आवाज काढणारे चार ड्रायव्हर: एक पडद्याचा ‘डायनॅमिक’, तीन चिमुकले ‘बॅलन्स्ड आर्मेचर’). मधल्या किमतीत ड्रायव्हरची संख्या मोजून घेऊ नका. घरात शांतता असेल आणि बजेट वाढवता येत असेल, तर ओपन-बॅक (मागून उघडा, आवाज आत-बाहेर जाऊ देणारा) हेडफोन सेनहायझर एचडी ५६०एस उत्तम. १२० ओहम इम्पिडन्स (विद्युत रोध) वाचून घाबरायचं कारण नाही: १ व्होल्टला ११० डेसिबल मिळतात, फोनला जोडायच्या साध्या डोंगलवर चालतो. लोकलमध्ये मात्र ओपन-बॅक निरुपयोगी.

टिप्सकडे (कानात बसणाऱ्या रबरी टोप्यांकडे) दुर्लक्ष करून लोक डॅकवर (डिजिटल आवाजाचं सिग्नलमध्ये रूपांतर करणाऱ्या यंत्रावर) पैसे घालतात, हे बघून वाईट वाटतं. इअरफोन बोटानं हलकेच आत दाबा. बेस वाढला तर हवा गळतेय. मोठी टिप लावा. दोन कानांना वेगवेगळी मापं लागणं अगदी सामान्य आहे. वरचा आवाज टोचत असेल तर थोडा खोल बसवून पाहा: खोली वाढली की कानातला ८ किलोहर्ट्झच्या आसपासचा रेझोनन्स वर सरकतो.

डोंगलचा आउटपुट इम्पिडन्स इअरफोनच्या इम्पिडन्सच्या एक-अष्टमांशापेक्षा कमी हवा. आर्मेचरवाल्यांत हे पाळलं नाही तर टोनच बदलतो. ॲपलचा सी-टाइप डोंगल स्वच्छ आहे, पण काही अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज कमी राहतो.

एवढ्यावरही धार उरली तर पॅरामेट्रिक ईक्यूमध्ये (आवाजाचा ठरावीक पट्टा कमी-जास्त करणाऱ्या ॲपमध्ये) ६००० हर्ट्झ, उणे ३ डेसिबल, क्यू (पट्ट्याची रुंदी ठरवणारा आकडा) २ इथून सुरुवात करा. काही वाढवलंत तर त्याच ॲपमधला प्रीअँप (एकूण पातळी) तेवढाच खाली घ्या, नाहीतर आवाज फाटतो. तुलना करताना दोन्हींची पातळी सारखी ठेवा. १ डेसिबलनं मोठा असलेला कानाला उगीचच चांगला वाटतो.

आणि काही महिन्यांनी एक बाजू मंद झाली तर ड्रायव्हर गेला असं लगेच धरू नका. आधी डावा-उजवा भाग केबलवर अदलाबदल करा. मंदपणा त्या भागाबरोबर गेला, तर बहुतेक वेळा कानात जाणाऱ्या नळीच्या तोंडावरची जाळी मळानं बुजलेली असते. तोंड खाली धरून कोरड्या मऊ ब्रशनं साफ करा. टाचणी घालू नका.