पॅसेजमधला दिवा आणि नाकारलेली हालचाल

घरांतील दिवे-पंखे स्वयंचलित करून देण्याच्या माझ्या कामात बहुतेक तक्रारी सेन्सरच्या नावाने येतात. त्या घरातलीही तशीच होती. रात्री काका काठी टेकत न्हाणीघराकडे निघाले की पॅसेजमधला दिवा लागे, पण ते वाटेत असतानाच विझे. काकूंना सेन्सर बदलून हवा होता. आधीची मांडणी दुसऱ्या कोणी करून दिलेली होती आणि यंत्रणा होम असिस्टंट या घर स्वयंचलित करणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालत होती, म्हणून सेन्सरला हात लावण्यापूर्वी मी ऑटोमेशनचे (आपोआप चालणाऱ्या पायऱ्यांच्या क्रमाचे) ट्रेस, म्हणजे प्रत्येक वेळी काय घडले याच्या नोंदी, पाहायचे ठरवले. मुळात शेवटचे ५ ट्रेसच जपले जातात आणि दिवसाच्या वर्दळीत रात्रीचे पुसले जातात. त्यामुळे ती संख्या मी आदल्या दिवशीच वाढवून घेतली होती.

कोड न लिहिता पायऱ्या मांडायच्या दृश्य एडिटरमधली आकृती अगदी सरळ होती: हालचाल दिसली की दिवा लावा, २ मिनिटे थांबा, दिवा बंद करा. ट्रेस मात्र वेगळेच सांगत होते. सेन्सरने काकांची हालचाल पुन्हा टिपली होती, पण पहिली फेरी अजून त्या २ मिनिटांत अडकलेली असल्यामुळे दुसरी सुरू होताच थांबवली गेली होती. ऑटोमेशनचा मोड ‘सिंगल’, म्हणजे एका वेळी एकच फेरी, असा होता, आणि काही न निवडल्यास तोच लागू होतो. हा मोड आकृतीत दिसत नाही, मेनूत असतो. दृश्य एडिटरची ही मला सर्वांत खुपणारी उणीव आहे, कारण पायऱ्यांचा क्रम तो उत्तम दाखवतो, पण एका फेरीवर दुसरी येऊन आदळली तर काय होईल, हे त्यातून कळत नाही.

मोड ‘रीस्टार्ट’ केला, म्हणजे प्रत्येक नव्या हालचालीबरोबर २ मिनिटे पुन्हा पहिल्यापासून मोजली जाऊ लागली. हे मी पडद्यावर दाखवत असताना काकू आकृतीवर बोट ठेवून म्हणाल्या, “पण हे आत असतात तेव्हा पॅसेजमध्ये हालणार कोण? दिवा जाईलच की.”

त्यांचे म्हणणे पूर्णपणे बरोबर होते, आणि लेखी कोड समोर असता तर ते त्यांना दिसले असते असे मला वाटत नाही. त्या घरातल्या रात्री त्यांना माहीत होत्या. आकृतीने त्या तपासून पाहायला जागा दिली. न्हाणीघरातला दिवा यंत्रणेला जोडलेला होताच. मग मी दिवा बंद करण्याचे काम वेगळ्या ऑटोमेशनकडे दिले: पॅसेज ३ मिनिटे शांत असेल आणि न्हाणीघरातला दिवाही तेवढाच वेळ बंद असेल, तरच पॅसेजचा दिवा विझेल. कंडिशन, म्हणजे घातलेली अट, फक्त ट्रिगरच्या (ऑटोमेशन सुरू करणाऱ्या घटनेच्या) क्षणी तपासली जाते, नंतर नाही. म्हणून या दोन्ही गोष्टी ट्रिगर म्हणूनही घालाव्या लागल्या, नाहीतर दिवा रात्रभर जळत राहिला असता.

शेवटी प्रत्येक पायरीला मराठीत नाव दिले आणि कोणता मोड का निवडला, हे वर्णनाच्या चौकटीत लिहून ठेवले.