बट कुठे तुटते

लोकरीची ताकद तपासण्याची रीत अगदी साधी आहे. पेन्सिलीएवढ्या जाडीची एक बट मोकळी करायची, तिची दोन्ही टोके दोन्ही हातांच्या चिमटीत घट्ट धरायची, ती कानाजवळ न्यायची आणि एक झटका द्यायचा. सशक्त बट ताणलेल्या तारेसारखी टण्ण वाजते आणि अखंड राहते. अशक्त बटेतून वाळके गवत मोडल्यासारखा बारीक आवाज येतो. त्या दिवशी माझ्या हातातली बट एकाच जागी, जणू कात्रीने कापल्यासारखी, सरळ रेषेत तुटली. मी दुसरी घेतली, मग खांद्यावरची, मग कुशीवरची, मग मांडीवरची. प्रत्येक बट कापलेल्या टोकापासून साधारण पाच सेंटिमीटरवर तुटत होती.

ही लोकर एका मेंढीची होती आणि ती मेंढी आता हयात नव्हती. मेंढ्या पाळणारे एक गृहस्थ तिची शेवटची कातरण पोत्यात भरून घेऊन आले होते. कातरणीनंतर काही आठवड्यांतच ती गेली. तिच्याच लोकरीतून तिची एक मूर्ती करून द्यावी, एवढीच त्यांची मागणी होती. ‘‘गोड नको ताई, जशी होती तशी करा,’’ असे ते म्हणाले, आणि हे वाक्य ऐकून मला मनापासून बरे वाटले. मूर्ती करून घेणारे बहुतेक लोक डोळे मोठे करा, चेहरा हसरा करा असे सांगतात. प्राणी जसा असतो तसा पाहायची तयारी फार थोड्यांची असते.

सुईने लोकर ठोकून प्राणी घडवण्याचे हे काम मी दोन वर्षांपासून शिकते आहे. ही सुई शिवणाची नव्हे. तिला नेढे नसते. तिच्या टोकाजवळच्या कडांवर बारीक तिरप्या खाचा असतात. सुई आत जाताना त्या खाचा तंतूंना आत ओढतात आणि बाहेर येताना त्यांना आतच सोडून येतात. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असल्यामुळे एकदा गुंतलेला तंतू सहसा सुटत नाही. मुळात ही कारखान्यातली सुई आहे. यंत्राच्या फळीवर अशा हजारो सुया एकाच वेळी वरखाली होतात आणि नमद्याचे, म्हणजे न विणता तंतू गुंतवून केलेल्या जाड कापडाचे, अखंड ताव बाहेर पडतात. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत स्टॅनवुड दांपत्याने यातली एकच सुई हातात धरून काम सुरू केले, आणि त्यातून ही हस्तकला वाढली. म्हणजे हजार सुयांचे काम एकटी सुई करते. मूठभर आकाराचा प्राणी घट्ट व्हायला काही हजार ठोके का लागतात आणि पहिले काही महिने मनगट का भरून येते, ते यावरून कळावे.

मात्र माझे पहिले सहा महिने मनगटामुळे नव्हे, लोकरीमुळे वाया गेले. शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी विंचरून लांब पेळू केलेली मेरिनो, म्हणजे बारीक लोकरीच्या एका मेंढीच्या जातीची, लोकर हातात दिली. ती रेशमासारखी मऊ होती, सुंदर रंगांची होती आणि या कामाच्या सुरुवातीला अगदी अयोग्य होती. विंचरलेल्या लोकरीतले तंतू सगळे एकाच दिशेला पडलेले असतात, आणि मेरिनोचा तंतू साधारण २४ मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक व गुळगुळीत असतो. सुई त्यातून नुसती आरपार जाते, पृष्ठभागावर छिद्रे उरतात आणि आतला गाभा पोचट राहतो. आपल्यालाच जमत नाही असे मी सहा महिने समजत राहिले. पुढे एकदा शेतावरची भरड लोकर धुऊन पिंजून घेतली आणि तासाभरात एक घट्ट, दाबल्यावर उसळी घेणारे डोके तयार झाले. पिंजलेल्या लोकरीत तंतू सर्व दिशांना आडवेतिडवे असतात, म्हणून ते लगेच एकमेकांना धरतात. शिकाऊ माणसाच्या हाती दिसायला छान म्हणून मेरिनो देणे ही शिकवणाऱ्यांची चूक आहे, असे माझे ठाम मत आहे. जी भरड लोकर व्यापारी उचलतसुद्धा नाहीत, ती या कामासाठी सर्वांत चांगली असते.

शेतावरची लोकर मात्र आधी खूप काम मागते. पोते उघडून कातरण पसरायची, कडेची शेणाने माखलेली आणि पोटाखालची लोकर बाजूला काढायची, कुसळे आणि गोखरू हाताने वेचायचे. मग ती रात्रभर साध्या पाण्यात ठेवायची, म्हणजे घामाचे क्षार आणि माती निघून जाते. लोकरीतले मेण, म्हणजे लॅनोलिन, सुमारे ४० अंशांना वितळते, म्हणून पुढचे पाणी ६० अंशांच्या आसपास गरम लागते. त्यात लोकर अलगद बुडवायची आणि अजिबात घुसळायची नाही, कारण गरम साबणाच्या पाण्यात हात फिरवला की सुईशिवायच नमदा होतो. पाणी थंड होण्याआधी लोकर बाहेर काढावी लागते, नाही तर वितळलेले मेण पुन्हा तंतूंवर बसते. धुतल्यावर वजन एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत घटते. या मेंढीची लोकर मी बट मोडू न देता, जाळीच्या पिशव्यांत घालून धुतली, कारण तिच्या अंगावर मला अख्ख्या बटा हव्या होत्या. झटक्याची परीक्षा मी बटा वाळल्यावर घेतली, हे आता मला खटकते. पोते उघडल्याबरोबर, ते गृहस्थ समोर बसलेले असतानाच ती घ्यायला हवी होती.

तंतू एका जागी का तुटतो, हे मेंढ्या पाळणाऱ्यांना ठाऊक असते. मेंढी आजारी पडली, उपाशी राहिली किंवा तिच्या शरीरावर मोठा ताण आला, तर त्या काळात वाढणारा तंतू बारीक आणि दुबळा होतो. पुढे प्रकृती सुधारली की तंतू पुन्हा जाड होतो, पण ती अशक्त जागा लोकरीत तशीच राहते. बटेचे टोक म्हणजे सर्वांत जुनी वाढ आणि कापलेली बाजू म्हणजे सर्वांत नवी. ही बट वर्षभराच्या वाढीची आणि १२ सेंटिमीटर लांब होती. वाढ सारख्या गतीने झाली असे धरले, तर पाच सेंटिमीटरवरची ती रेषा कातरणीच्या साधारण पाच महिने आधीची होती. मेंढी शेवटचे तीन आठवडेच आजारी होती, असे त्यांनी मला सांगितले होते.

मी बटांचे दोन ढीग केले. टोकाकडचे सात सेंटिमीटरचे तुकडे जाड, चमकदार आणि उन्हाने किंचित पिवळसर झालेले होते. कापलेल्या बाजूचे पाच सेंटिमीटरचे तुकडे निस्तेज आणि हाताला अधिक बारीक लागत होते, म्हणजे त्या रेषेनंतरही प्रकृती पूर्ण सावरली नसावी. बाहेर काय लावायचे आणि आत काय घालायचे, हे मी मिनिटभरात ठरवले. आखूड तुकडे पिंजून गाभ्यासाठी उत्तम होते, लांब तुकडे अंगावर शोभणार होते. कामाच्या दृष्टीने तो निर्णय बरोबरच होता, आणि तेव्हा मी एवढाच विचार केला.

मेंढी करायची म्हणजे आधी कातरलेली मेंढी करावी लागते. तारेच्या सांगाड्यावर मी पिंजलेली आखूड लोकर घट्ट गुंडाळली आणि ३६ नंबरच्या जाड सुईने खोलवर ठोकली. आकार जमल्यावर ३८, आणि चेहऱ्यासाठी ४० नंबरची बारीक सुई घेतली. सुई ज्या कोनात आत जाते त्याच कोनात बाहेर यावी लागते. वाकडी ओढली की टोक मोडून गाभ्यात राहते आणि मग ते शोधत बसावे लागते. बरगड्यांचा फुगवटा, पुढच्या पायाचा गुडघा, मागच्या पायाचा मागे आलेला खोटेचा कोन, वरच्या ओठाची मधली चीर आणि डोळ्यातली आडवी बाहुली, यांवर माझे चार दिवस गेले. बाहुली उभी किंवा गोल केली की चेहरा दुसऱ्याच प्राण्याचा होतो. त्या गृहस्थांनी दिलेल्या छायाचित्रात तिचा डावा कान उजव्यापेक्षा थोडा खाली होता. तसाच केला. मग बटा लावल्या, पोटाखालून सुरुवात करून वर पाठीपर्यंत, कौले रचतात तशा ओळींनी, म्हणजे प्रत्येक वरची ओळ खालच्या ओळीची मुळे झाकते. जवळपास ३० सेंटिमीटर लांबीची ती मेंढी पूर्ण झाली तेव्हा ती माझ्या हातून झालेली सर्वांत चांगली मूर्ती होती, आणि आजही मला तिच्याबद्दल तसेच वाटते.

ते मूर्ती न्यायला आले. बराच वेळ नुसते पाहत राहिले, मग त्यांनी कानाला हात लावला. नंतर पाठीवरच्या बटांमधून बोटे फिरवली आणि त्यांचा हात थांबला.

‘‘ही तिची आधीची लोकर आहे,’’ ते म्हणाले. ‘‘नंतरची कुठे गेली?’’

‘‘आत आहे,’’ मी म्हणाले. ‘‘सगळी तिचीच आहे. दुसऱ्या कोणाची एक काडीही नाही.’’

मी एवढ्यावर थांबू शकले असते. पण टेबलावर उरलेल्या काही अख्ख्या बटा होत्या. त्यांनी त्यातली एक उचलली, कानाजवळ नेली आणि झटका दिला. ती त्याच जागी तुटली. आखूड तुकडा त्यांनी बोटाच्या पेरांवर मोजला. मी काही सांगण्याची गरजच उरली नाही.

मी तरीही सांगितले, की विण्याच्या वेळी पडणाऱ्या ताणानेही अशी रेषा उमटते, चारा अचानक बदलला तरी उमटते, नुसत्या तापानेही उमटते. हे सगळे खरे आहे आणि ते त्यांना माझ्याहून अधिक माहीत असणार. त्या सुमारास तिला जुळी कोकरे झाली होती, असे ते म्हणाले. मग थोड्या वेळाने त्यांनीच विचारले, ‘‘त्याच आठवड्यात विलेल्या बाकीच्या मेंढ्यांच्या लोकरीतही असेच दिसेल का?’’

याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. सगळ्यांच्या लोकरीत रेषा असेल, तर ती विण्याची किंवा त्या दिवसांतल्या चाऱ्याची म्हणता येईल. एकट्या हिच्याच लोकरीत असेल, तर ती पाच महिने आतून खंगत होती आणि ते कोणाच्या लक्षात आले नाही, असा अर्थ निघू शकतो. घरी बाकीची पोती अजून आहेत, त्यातल्या बटा तपासून पाहतो, असे म्हणून त्यांनी मूर्ती एका पिशवीत आणि उरलेल्या बटा दुसऱ्या पिशवीत घातल्या.

या गोष्टीला दीड महिना झाला. त्या उरलेल्या बटा मी टेबलावर ठेवायला नको होत्या, असे मला काही दिवस वाटते. मग वाटते, की जशी होती तशी करा असे ज्यांनी सांगितले, त्यांच्यापासून ती रेषा लपवली असती तर त्यांचे सांगणे मी पाळले नसते. त्यांच्याकडून अजून काहीच कळलेले नाही. त्यांनी बाकीच्या पोत्यांतल्या बटा तपासल्या की नाही, हे मी अजून विचारलेले नाही.