आरसी गाडीचं स्टीअरिंग: चाकापासून सर्व्होपर्यंत

माझ्या रेडिओ कंट्रोलवर (आरसी) चालणाऱ्या १:१० मापाच्या ऑफ-रोड बग्गीला एक खोड लागली होती. डावं वळण घेऊन ट्रान्समीटरचं (हातातल्या रिमोटचं) चाक सोडलं की ती किंचित डावीकडे ओढायची, आणि उजवं वळण घेतलं की तितकीच उजवीकडे. ट्रिम (चाकांची सरळ स्थिती जराशी सरकवणारं ट्रान्समीटरवरचं सेटिंग) एका बाजूला द्यावं तर दुसऱ्या बाजूची ओढ वाढायची.

हे लक्षण बारकाईने पाहावं, कारण निम्मं निदान त्यातच होतं. गाडी कायम एकाच बाजूला ओढत असेल तर सेंटर, म्हणजे चाकांची सरळ स्थिती, सरकलेलं असतं. ट्रिम, लिंकची (चाक वळवणाऱ्या दांडीची) लांबी किंवा एखादा वाकलेला भाग तपासायचा. ओढ आधीच्या वळणाप्रमाणे बदलत असेल तर चाकं सेंटरला पूर्ण परत येत नाहीत. मग कुठे तरी प्ले (जोडातला सैलपणा) आहे, कुठे तरी काही तरी अडकतंय, किंवा सर्व्हो सेव्हरची (चाकं वळवणाऱ्या मोटरला, म्हणजे सर्व्होला, धक्क्यांपासून वाचवणाऱ्या जोडाची) स्प्रिंग कमी पडतेय. ट्रिमला यातलं काहीच दुरुस्त करता येत नाही.

पुढची चाकं अधांतरी राहतील अशी गाडी ठोकळ्यावर ठेवली, मागची चाकं काढली, आधी ट्रान्समीटर आणि मग गाडी चालू केली. सर्व्होला पॉवर असली की तो हॉर्न (त्याच्या दांड्यावरचा छोटा हात) जागेवर घट्ट धरून ठेवतो. त्यामुळे बोटांनी पुढचं चाक डावीकडे-उजवीकडे हलवलं की जे हलतं तो बाकीच्या जोडांचा प्ले. एका हाताने चाक हलवत राहायचं आणि दुसऱ्या हाताचं बोट एकेका जोडावर टेकवायचं. डोळ्यांना न दिसणारी टकटक बोटाला लगेच कळते. चाकापासून सुरुवात करून नकल (चाक धरणारा, वळणारा भाग), बॉल कप (लिंकच्या टोकाची, बॉलवर बसणारी वाटी), टर्नबकल (लांबी बदलता येणारी लिंक), बेल क्रँक (सर्व्होची हालचाल लिंककडे नेणारा फिरता भाग), सेव्हर असं आत आत जायचं. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. थेट सर्व्हो बदलून मोकळे होणारे बरेच जण असतात आणि नवा सर्व्हो लावूनही त्यांची गाडी तशीच भरकटते.

माझ्या गाडीत दोष एका ठिकाणी नव्हताच. डाव्या बाहेरच्या बॉल कपचं भोक अंडाकृती झालं होतं. बेल क्रँक प्लास्टिकच्या बुशवर (साध्या नळीवर) फिरत होते आणि त्या बुशमध्ये बारीक वाळू शिरली होती, म्हणजे एकाच वेळी सैलही आणि अडखळणारंही. नकल धरणारा एक किंगपिन स्क्रू अर्धा फेरा ढिला होता. प्रत्येक ठिकाणचा प्ले अगदी जरासा, पण चाकाच्या टोकाशी त्यांची बेरीज होते.

बॉल कप बदलणं सोपं आहे. नवा कप मात्र कधी कधी बॉलवर इतका घट्ट बसतो की लिंक स्वतःच्या वजनाने खाली पडत नाही. अशा वेळी कप बॉलवर बसलेला असतानाच पकडीने बाहेरून हलकेच दाबायचा आणि लिंक फिरवून पाहायची. दोन-तीनदा दाबलं की तो मोकळा होतो. बेल क्रँकचे बुश काढून त्याच मापाचे बेअरिंग बसवले. वर-खाली उरलेला प्ले ०.१ आणि ०.२ मिलिमीटरच्या पातळ शिमने (चकतीने) काढला. शिम घालताना हाव धरू नये. स्क्रू पूर्ण आवळल्यावरही बेल क्रँक बोटाच्या नुसत्या धक्क्याने फिरला पाहिजे. नाहीतर प्ले जातो आणि त्याच्या जागी घर्षण येतं, लक्षण मात्र तेच राहतं.

प्लास्टिकमधले स्क्रू परत लावताना स्क्रू आधी उलटा फिरवतो. जुन्या आट्यात तो टक् करून बसल्याचं हाताला जाणवतं, तेव्हा सुलटा फिरवून आवळायचा. सरळ आवळला तर तो नवे आटे पाडतो आणि भोक लवकर निकामी होतं. निळं थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा द्रव) फक्त धातूत बसणाऱ्या स्क्रूला. प्लास्टिकला ते लागू देऊ नये, काही प्रकारच्या प्लास्टिकला त्याने तडे जातात.

आता सर्व्हो सेव्हर. चाक दगडावर आपटलं की तो धक्का सर्व्होच्या दातांपर्यंत जाऊ नये म्हणून मधे हा स्प्रिंगवाला जोड असतो. दोन भाग एकमेकांच्या खाचेत बसलेले असतात, धक्का बसला की घसरतात आणि स्प्रिंग त्यांना परत खाचेत आणते. माझ्या गाडीत तो बेल क्रँकमध्येच आहे आणि त्याची नट फिरवून स्प्रिंगचा ताण बदलता येतो. ताण कमी असेल तर दोन अडचणी येतात: वेगात चाकं पूर्ण वळत नाहीत, आणि थोडंसं घर्षण असलं तरी दोन्ही भाग खाचेत पूर्ण बसत नाहीत. दुसरी अडचण माझ्या खोडीशी तंतोतंत जुळत होती. गाडी पूर्ण वजनाने खरखरीत जमिनीवर ठेवायची, उभ्या जागी स्टीअरिंग फिरवायचं आणि सेव्हर उघडतोय का ते पाहायचं. उघडत असेल तर नट थोडी थोडी आवळत जायची. चाक हाताने जोरात ढकललं तर मात्र तो उघडलाच पाहिजे. ताकदवान मेटल गिअर सर्व्हो असला की काही जण सेव्हर काढून सरळ हॉर्न लावतात. गुळगुळीत ट्रॅकवर ते ठीक असेल, पण उड्या मारणाऱ्या बग्गीत मी सेव्हर कधीच काढणार नाही.

सर्व्होही तपासून घेतला. पॉवर बंद करून हॉर्न हळूहळू फिरवला तर मधोमध एका जागी खडखड लागत होती. गाडीचा बहुतेक वेळ सेंटरच्या आसपासच जातो, त्यामुळे दातही तिथलेच आधी झिजतात. चार लांब स्क्रू काढून वरचं झाकण उचललं. गिअर कोणत्या क्रमाने बसलेत त्याचा आधी फोटो घेतला, कारण झाकण उचलताना मधला एखादा गिअर हमखास सोबत येतो. शेवटच्या गिअरखाली पोटेंशियोमीटरचा दांडा असतो. हॉर्न आत्ता नेमका कुठे आहे हे सर्व्होला त्याच्यामुळेच समजतं. नवा गिअर त्या दांड्यावर बरोबर कोनात बसला पाहिजे. चुकीचा बसला तर पॉवर देताच सर्व्हो एका टोकाला जाऊन अडकतो आणि तिथेच जोर लावत राहतो. त्याच मॉडेलचा गिअर सेट लावला, दातांवर थोडं ग्रीस दिलं, झाकण लावलं.

पुढचं काम मला मनापासून आवडतं: सेंटर बांधणं. हॉर्न काढून ठेवायचा. ट्रान्समीटरवर ट्रिम आणि सब-ट्रिम (सर्व्होचं सेंटर कायमचं सरकवणारं सेटिंग) दोन्ही शून्यावर. मग पॉवर द्यायची. रिसीव्हर (ट्रान्समीटरचे संदेश घेणारा गाडीतला भाग) सर्व्होला दर वेळी जो पल्स पाठवतो तो सेंटरला साधारण १५०० मायक्रोसेकंदांचा असतो. तो मिळाला की सर्व्हो स्वतःच्या सेंटरला येऊन थांबतो. त्याच स्थितीत हॉर्न लिंकला काटकोनात येईल असा बसवायचा. इथे दातांची संख्या आडवी येते. सर्व्होच्या कंपनीप्रमाणे हॉर्नला २३, २४ किंवा २५ दात असतात आणि एकाचा हॉर्न दुसऱ्यावर नीट बसत नाही. २५ दातांचा असेल तर एक दात सरकवला की १४.४ अंशांचा फरक पडतो. त्यामुळे जवळात जवळ बसवूनही हॉर्न ७ अंशांपर्यंत तिरका राहू शकतो. तेवढाच फरक सब-ट्रिमने काढायचा, आणि ट्रिम ट्रॅकवरच्या बारीक बदलासाठी शून्यावर मोकळं ठेवायचं.

सेंटर बसल्यावर टर्नबकल. याच्या एका टोकाला डावे आटे, दुसऱ्या टोकाला उजवे, म्हणून लिंक न काढता मधला षटकोन फिरवून लांबी बदलता येते. बहुतेक टर्नबकलवर डाव्या आट्यांच्या बाजूला एक बारीक खाच असते. सगळ्या खाचा गाडीच्या एकाच बाजूला ठेवल्या की पाना कोणत्या दिशेला फिरवल्यावर लिंक लांब होते ते लक्षात ठेवावं लागत नाही. दोन्ही बाजूच्या लिंक कॅलिपरने सारख्या केल्या आणि मग टो पाहिला, म्हणजे वरून पाहताना चाकांची पुढची टोकं आत किंवा बाहेर किती वळली आहेत ते. चाकाला १५० मिलिमीटरची सरळ पट्टी टेकवली तर एका अंशाला पट्टीच्या पुढच्या आणि मागच्या टोकात सुमारे २.६ मिलिमीटरचा फरक पडतो. साध्या पट्टीनेही हे मोजता येतं. पुढच्या चाकांना मी जेमतेम अंशभर टो-आउट (पुढची टोकं बाहेर) ठेवला. वळणात गाडी लवकर आत शिरते. जास्त दिला तर सरळ धावताना ती अस्वस्थ होते.

लिंक लावायला बेल क्रँकवर किंवा नकलवर एकापेक्षा जास्त भोकं असतात. त्यांनी आकरमान बदलतो, म्हणजे वळणात आतलं चाक बाहेरच्या चाकापेक्षा किती जास्त वळेल ते. ही रचना मुळात घोडागाड्यांची. जर्मनीतल्या गेऑर्ग लांकेनस्पर्गरने ती काढली आणि रुडॉल्फ आकरमानने १८१८ मध्ये इंग्लंडमध्ये तिचं पेटंट घेतलं. दोन शतकांनंतर त्याच भूमितीवर माझी टेबलाएवढीही नसलेली गाडी वळते, याचा मला फार आनंद वाटतो. भोक मात्र बदललं नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर फरक कशाने पडला ते कळत नाही.

शेवटी एन्ड पॉइंट, म्हणजे सर्व्होने प्रत्येक बाजूला कुठवर जायचं याची ट्रान्समीटरवरची मर्यादा. स्टीअरिंग पूर्ण डावीकडे धरून ऐकायचं. चाकं थांब्याला टेकल्यावरही सर्व्होची गुणगुण चालू असेल तर तो भिंतीला ढकलतोय. अशा वेळी तो भरपूर करंट ओढतो, तापतो, आणि रिसीव्हरचा व्होल्टेज कमी पडून गाडीचा ताबाही सुटू शकतो. गुणगुण थांबेपर्यंत डावीकडचा एन्ड पॉइंट कमी केला, मग उजवीकडचा वेगळा. दोन्हींचे आकडे थोडे निराळे आले आणि ते तसे येतातच. मग मोकळ्या जागेत कमी वेगाने डावीकडे आणि उजवीकडे पूर्ण वर्तुळं मारून पाहिली. उजवं वर्तुळ जरा मोठं येत होतं, म्हणून डावीकडचा एन्ड पॉइंट आणखी थोडा उतरवला. दोन्ही बाजूंना गाडी सारखी वळली की वळणात हाताला दोन वेगळे अंदाज बांधावे लागत नाहीत.

आता कुठल्याही बाजूचं वळण घेऊन सोडलं तरी बग्गी सरळ निघते. धुळीतून आल्यावर बेल क्रँकचे बेअरिंग ब्रशने झाडतो. त्यांच्यावर बाहेरून तेल टाकत नाही, कारण तेलाला धूळ चिकटते आणि तीच सीलमधून आत शिरते. उजवा बाहेरचा बॉल कप जुनाच आहे. त्यात अजून प्ले नाही, पण डाव्याइतकाच धावलेला असल्याने पुढच्या वेळी गाडी उघडली की तोही बदलणार आहे.