“मला भरायची गरज नाही”

न्यू जर्सीत एडिसनमधल्या एका ग्रंथालयाच्या तळमजल्यावर टॅक्सच्या मोसमात दर शनिवारी आम्ही आठ-दहा स्वयंसेवक लोकांचे टॅक्स रिटर्न विनामूल्य भरून देतो. ‘व्हिटा’ नावाचा हा उपक्रम 1969 पासून अमेरिकाभर चालू आहे, कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी. आयआरएसची, म्हणजे इथल्या इन्कम टॅक्स खात्याची, परीक्षा पास झाल्याशिवाय आम्हाला कुणाच्या रिटर्नला हात लावता येत नाही. मी सहा वर्षं तिथे बसते. त्यातला 9 मार्च 2024 चा शनिवार मला तारखेसकट आठवतो.

सकाळी साडेदहाला दोघी आल्या. रिटर्न भरायचं होतं कोकिळाबेनना, आणि त्यांना इंग्रजी जमत नाही म्हणून सोबत सुनंदाताई. (दोघींची नावं बदलली आहेत.) दोघी एका इंडियन ग्रोसरीच्या मागच्या किचनमध्ये पोळ्या आणि थेपले लाटतात. माझ्या बिल्ल्यावरचं आडनाव वाचून सुनंदाताई मराठीत सुरू झाल्या. मूळच्या नाशिककडच्या. कागद पुढे सरकवताना त्यांच्या मनगटावरचे तव्याच्या कडेचे चटके दिसले, एकाखाली एक, काही जुने, एक अगदी ताजा.

कोकिळाबेनचं काम तासाभरात झालं. उठता उठता मी सहज विचारलं, “सुनंदाताई, तुमचं झालं का भरून?”

“मला भरायची गरज नाही मॅडम. माझा पगार तेवढा नाहीच.”

“साधारण किती?”

“वर्षाचे सतरा, साडेसतरा हजार.”

“घरी कोण कोण?”

“मी आणि दोन मुलं. मिस्टर 2019 लाच भारतात निघून गेले. घटस्फोट झालाय.”

“याआधी कधी भरलं होतं?”

“नाही हो. त्यांचं काम रोखीवर होतं. आमच्या घरात रिटर्न हा प्रकारच कधी आला नाही.”

मी त्यांना परत खाली बसायला सांगितलं.

गरज नाही, हे त्यांचं म्हणणं खरंच होतं. एकटीने मुलं सांभाळणाऱ्या बाईला 2023 साठी 20,800 डॉलरच्या आत उत्पन्न असेल तर रिटर्न भरण्याची सक्ती नाही. आपण भारतातून हेच डोक्यात घेऊन येतो: उत्पन्न मर्यादेच्या आत, म्हणजे इन्कम टॅक्सवाल्यांशी आपला संबंध संपला. इथे मात्र नेमकं तिथेच नुकसान होतं. 1975 पासून अमेरिकेत ‘अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिट’ आहे, ईआयटीसी. राबून थोडं कमावणाऱ्या कुटुंबाला सरकार टॅक्समधून पैसे परत देतं, आणि टॅक्स शून्य असला तरी रक्कम पूर्ण हातात येते. पण रिटर्न भरून मागितल्याशिवाय एक डॉलरही मिळत नाही. पात्र असलेल्या साधारण पाचातला एक जण ते मागतच नाही, असं आयआरएस स्वतः सांगते. त्या पाचातली एक माझ्यासमोर बसली होती, आणि ती आली होती दुसरीच्या मदतीला.

मी कोऱ्या कागदावर वर्षं लिहिली. त्यांच्या पगाराला आणि दोन मुलांना ईआयटीसीची कमाल रक्कम बसत होती. 2023 चे 6,604. 2022 चे 6,164. 2021 चे 5,980. शिवाय न्यू जर्सी राज्य आपल्यातर्फे त्याच्या 40 टक्के वर देतं, ते वेगळं.

“थांबा,” त्या म्हणाल्या. “मागच्या वर्षांचंही मिळतं?”

मिळतं. मुदतीपासून तीन वर्षं रिफंड मागता येतो. आणि 2020 च्या रिटर्नची मुदत कोविडमुळे 17 मे 2021 पर्यंत वाढवली होती, म्हणून त्या वर्षाचं दार 17 मे 2024 पर्यंत उघडं होतं. अजून दोन महिने. मी चौथी ओळ लिहिली: 2020, 5,920.

त्या बराच वेळ कागदाकडे पाहत राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, “पण असं फुकटचं घेतलं तर ग्रीन कार्डाला बाधा नाही ना येणार? भावाने अर्ज केला म्हणून आम्ही आलो. त्याला कमीपणा नको.”

ही भीती मला दर मोसमात ऐकायला मिळते, विशेषतः आपल्या माणसांकडून. मी सांगितलं की हे सरकारी मदतीवर जगणं धरलं जात नाही, आणि फुकटचं तर नाहीच. काम केलं नसतं तर हे क्रेडिट मिळालंच नसतं. ‘अर्न्ड’ म्हणजे कमावलेलं, ते नावातच आहे. हे मी ऑफिसच्या सुरात नाही बोलले. माझी आई शिवणकाम करायची, आणि हक्काचं मागायला ती कशी लाजायची ते मी पाहिलेलं आहे.

“कागद आहेत का? दर जानेवारीत दुकानातून येतो तो पगाराचा दाखला, डब्ल्यू-2?”

“सगळे आहेत. उघडलेसुद्धा नाहीत. माझे वडील तलाठ्याकडे शिपाई होते. सरकारी कागद फेकायचा नाही, हे आमच्या अंगात भिनलंय.”

त्या बसने घरी गेल्या आणि दीड तासात परत आल्या. बरोबर दोन्ही मुलं, तिघांची सोशल सिक्युरिटी कार्डं, आणि मुलाच्या जुन्या शाळेच्या फोल्डरमध्ये चार पाकिटं. गोंद अजून तसाच. ती चार पाकिटं मी कात्रीने उघडली तेव्हा माझा हात थोडा थरथरत होता, हे मी मान्य करते.

2021 च्या रिटर्नला आम्ही सगळ्यात जास्त वेळ दिला. त्या एका वर्षी मुलांचं टॅक्स क्रेडिट वाढवलेलं होतं: सहा वर्षांखालच्या मुलाला 3,600, मोठ्याला 3,000. आता दुसरीत असलेली मुलगी तेव्हा पाचच्या पुढे गेली नव्हती. त्यावर कोविडच्या काळात सरकारने वाटलेल्या मदतीच्या तिसऱ्या हप्त्याचे माणशी 1,400, म्हणजे तिघांचे 4,200. हप्ते आधी कधी खात्यात आले होते का, हे आयआरएसच्या नोंदीत तपासलं. एकही आला नव्हता. ईआयटीसी धरून बेरीज 16,780 डॉलर. जवळजवळ त्यांच्या वर्षभराच्या पगाराएवढी. मी कॅल्क्युलेटरवर तीनदा केली.

2020 मध्ये कोविडचे पहिले दोन हप्ते मिळून आणखी 4,000 होते. मुलांचं क्रेडिट धरून ते वर्षही 12,000 च्या वर गेलं.

आमच्याकडे प्रत्येक रिटर्न दुसऱ्या स्वयंसेवकाने तपासायचा नियम आहे. त्या दिवशी एक निवृत्त शाळामास्तरीण होत्या. त्यांनी प्रत्येक आकडा बोट ठेवून वाचला, मुलं वर्षभर कुणाजवळ राहिली हे पुन्हा विचारलं, आणि शाळेचं तसं पत्र आणून घरात ठेवायला सांगितलं, आयआरएसने विचारलंच तर. ग्रंथालय चारला रिकामं व्हायचं असतं. आम्हाला साडेसहापर्यंत बसू दिलं. मुलगी टेबलाखाली बसून रंगवत होती. मुलगा मात्र आईच्या खांद्याशी उभा राहून स्क्रीन वाचत होता.

तीन वर्षांची रिटर्नं इलेक्ट्रॉनिक गेली. 2020 चं तसं जात नाही. ते छापून, सही करून पोस्टानेच पाठवायचं.

“सही मराठीत चालेल?”

“चालेल.”

त्यांनी पूर्ण नाव लिहिलं, सावकाश, वेलांट्या नीट काढत. पोस्ट तोवर बंद झालं होतं. सर्टिफाइड मेलने पाठवा आणि शिक्क्याची पावती जपून ठेवा, असं मी दोनदा बजावलं. सोमवारी दुपारी मला पावतीचा फोटो आला, 11 मार्चच्या शिक्क्याचा. त्या जेवणाच्या सुटीत जाऊन आल्या होत्या.

बाकीच्या वर्षांचे पैसे खात्यात येत गेले. आधी थकलेलं भाडं गेलं, मग मुलाचे दात. 2020 चा चेक पोस्टाने आला तेव्हा तो बँकेत टाकण्याआधी त्या माझ्याकडे घेऊन आल्या. चेक त्यांनी वहीच्या दोन पानांमध्ये ठेवला होता, घडी पडू नये म्हणून.

“मॅडम, हे परत नाही ना मागणार कुणी?”

मी चेक उलटा करून सही कुठे करायची ती रेघ दाखवली.