लघवीची डबी टाळू नका

नागपूरच्या धंतोलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी रक्त काढते. शुगरचे पेशंट सकाळी उपाशीपोटी येतात, मुकाट्याने हात पुढे करतात. लघवीची डबी दिली की मात्र कुरकुर सुरू होते. "ते कायले पायजे? रक्त दिलं नं!" परवा एक काकाजी डबी टेबलावरच ठेवून निघाले. मी दारापर्यंत त्यांच्या मागे गेले.

कारण शुगरवाल्यांची किडनी बिघडायला लागली की ते बहुतेकदा आधी लघवीत दिसतं. अल्ब्युमिन नावाचं प्रथिन रक्तातच राहायला हवं; किडनीची गाळणी सैल झाली की ते लघवीत उतरतं. तेव्हा ना काही दुखतं, ना पायावर सूज असते, रक्तातलं क्रिएटिनिनही (किडनी बाहेर टाकते तो कचरा) रेंजमध्ये असतं. लघवीच्या साध्या तपासणीत इतकं थोडं अल्ब्युमिन सापडेलच असं नाही. म्हणून चिठ्ठीवर 'यूरिन एसीआर' (लघवीतल्या अल्ब्युमिनचं क्रिएटिनिनशी प्रमाण, mg/g मध्ये) आहे का, ते बघा. 30 च्या आत असेल तर ठीक. 30 ते 300 मध्ये आलं तर डॉक्टरांना दाखवायचंच. 300 च्या वर गेलं तर उशीर नको.

आता रक्ताचं. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं, त्यामुळे नुसता आकडा फसवतो. पंचविशीतल्या मुलाचं 1.1 आलं तर त्याचा ईजीएफआर (क्रिएटिनिन, वय आणि स्त्री-पुरुष धरून काढलेला, किडनी किती गाळते याचा अंदाज) 95 च्या आसपास निघतो. अडुसष्ट वर्षांच्या आजींचंही 1.1 च, पण ईजीएफआर जेमतेम 55! पुष्कळदा क्रिएटिनिनच्या ओळीत दोघांचंही नॉर्मलच दिसतं. आजी कागदाची घडी घालून पिशवीत टाकतात, तेव्हा मला राहवत नाही. आजी, ही खालची ईजीएफआरची ओळ डॉक्टरांना दाखवा, म्हणून सांगतेच.

एका रिपोर्टने घाबरूनही जाऊ नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. अंगातलं पाणी कमी झालं की क्रिएटिनिन चढतं. आदल्या रात्री सावजी मटण हाणलं तरी थोडं वाढतं. ताप किंवा लघवीचं इन्फेक्शन असेल तर अल्ब्युमिन तात्पुरतं वाढू शकतं. म्हणून डॉक्टर तपासणी पुन्हा करायला सांगतात. ईजीएफआर तीन महिन्यांनंतरही 60 च्या खाली असेल, तर तो किडनीचा जुनाट आजार धरतात. एसीआरसाठी सकाळची पहिली लघवी आणा.

आणि गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर पेनकिलर घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा. त्या गोळ्यांनीही किडनीला इजा होऊ शकते, आणि आमच्या रिपोर्टवरून त्यांना ते कळणार नाही.